तसबिरीमागची हवा, पाइपातलं पाणी

मंडळी, या महिन्याचा विषय आहे हीटिंग. पेडण्यात किंवा डिचोलीत घर गरम ठेवायची यंत्रणा कोणी विकायला आणली, तर लोक त्याला आधी थंडगार कोकम सरबत देतील आणि मग हळूच घरच्यांचा फोन नंबर विचारतील. तरीही विषय हाच घेतोय. त्याला कारणं दोन. एक म्हणजे आपल्या मंडळाच्या कितीतरी घरांतली मुलं आता अशा गावांत राहतात जिथे स्वयंपाकघराच्या कपाटात बॉयलर असतो, आणि त्याच्या काट्याकडे बघून ती घाबरून फोन करतात. दुसरं कारण घरगुती आहे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावाला, चित्रांचं छोटं दालन करायचं आहे. पणजोबांचं तैलचित्र, रवि वर्मा छापखान्याच्या चार तसबिरी, गावातल्या नाटकांचे जुने फोटो. चवथीला सगळं घर भरतं, त्याआधी तिथे दोन स्प्लिट एसी लावायचे असं त्याच्या मनात आहे. मी विरोधी पक्षात आहे. माझा विरोध कुठून आला ते सांगायचं तर इंग्लंडातल्या एका पोटमाळ्यावरून सुरुवात करावी लागेल.

माझी कंपनी इमारतींच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. बॉयलर, पंप, एसी, पाण्याच्या टाक्या यांचे आकडे आमच्याकडे येतात आणि कुठे काही बिघडत असेल तर आम्ही तिथल्या माणसाला कळवतो. गेली काही वर्षं माझ्याकडे जुन्या इमारतींचं काम जास्त आहे, आणि त्यात एक एकोणिसाव्या शतकातली आर्ट गॅलरी आहे. दगडी इमारत, वर काचेचं छप्पर, कारण त्या काळी चित्रं दिवसाच्या उजेडातच बघायची असत. खाली तळघरात बॉयलर. आणि छपराच्या आत, चित्रांच्या बरोबर डोक्यावर, पाण्याची टाकी.

ही टाकी तिथे का, हे समजलं की बाकीचं सोपं आहे. पाणी तापलं की फुगतं. १० अंशांवरचं पाणी ८० अंशांपर्यंत तापवलं तर त्याचं आकारमान जवळजवळ ३ टक्क्यांनी वाढतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मोठ्या इमारतीच्या पाइपांत आणि रेडिएटरांत मिळून समजा ५,००० लिटर पाणी आहे, तर रोज सकाळी बॉयलर पेटल्यावर सुमारे १४० लिटर पाण्याला नवीन जागा लागते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जागा दिली नाही तर ते स्वतः करून घेतं, म्हणजे कुठला तरी सांधा फोडतं. जुन्या लोकांचा उपाय सरळ होता. सगळ्यात उंच जागी एक उघडी टाकी ठेवायची. पाणी फुगलं की त्यात चढेल, थंड झालं की उतरेल. कमी पडलं तर फ्लोटचा कॉक उघडून नळाचं पाणी आपोआप येईल. आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच फ्लोट.

उंचीमुळे दाबही आपोआप मिळतो. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण १ बार. टाकी तळघराच्या १५ मीटर वर असेल तर बॉयलरपाशी दीड बार. ना पंप, ना वीज. हुशारीची व्यवस्था आहे, आणि शंभर वर्षं चालली.

मग ती बदलायची कशाला? पहिलं म्हणजे, गच्चीवरची टाकी फ्लोट अडकून वाहते तेव्हा आपल्या अंगणात पाणी पडतं. इथे खाली चित्रं आहेत. दुसरं, उघड्या टाकीतून हवेतला ऑक्सिजन पाण्यात विरघळत राहतो आणि लोखंडाचे पाइप आतून गंजतात. त्या गंजाचा काळा गाळ रेडिएटरच्या तळाशी बसतो, आणि मग रेडिएटर वर गरम, खाली थंड. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खुपतं. पाइप कुठेतरी गळत असला तरी फ्लोट गुपचूप नवीन पाणी सोडत राहतो. भिंतीच्या आत रोज बादलीभर पाणी मुरतंय आणि यंत्रणा म्हणतेय सगळं ठीक. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. प्रोग्राममध्ये एखादी गोष्ट अयशस्वी झाली की चूक न सांगता पुन्हा प्रयत्न करणारा कोड कोणीतरी लिहून ठेवतो, सगळं महिनोन्महिने सुरळीत दिसतं, आणि एक दिवस सर्व्हर आडवा होतो.

नवी पद्धत म्हणजे सगळं चक्र बंद करायचं. पोटमाळ्यावरची टाकी काढायची आणि तळघरात एक बंद पात्र बसवायचं. त्याच्या आत रबराचा पडदा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा हवेला दाबतो. पाणी दबत नाही, हवा दबते, एवढ्यावर सगळा खेळ. शेजारी दाब राखणारं एक छोटं यंत्र असतं: लहानशी टाकी, पंप, दाब मोजणारा सेन्सर. दाब कमी झाला तर पंप थोडं पाणी आत ढकलतो. फारच कमी किंवा फारच जास्त झाला तर बॉयलरच बंद करतो. त्याच्याही पलीकडे सेफ्टी व्हॉल्व्ह.

पात्र केवढं हवं याचं गणित अकरावीच्या बॉइलच्या नियमाचं आहे. ज्यांची मुलं ‘हे शिकून पुढे काय उपयोग’ असं विचारतात त्यांनी हा परिच्छेद वाचून दाखवावा. थंड असताना दाब २ बार आणि गरम असताना जास्तीत जास्त ३ बार चालणार असं समजू. हे काट्यावरचे आकडे. वातावरणाचा १ बार मिळवला की खरे दाब ३ आणि ४ होतात. पात्रात सुरुवातीला पूर्ण भरलेली हवा ३ वरून ४ वर गेली की तिचं आकारमान पाऊणपट होतं, म्हणजे पाण्यासाठी पाव भाग मोकळा होतो. आपल्याला १४० लिटरची जागा हवी, तर पात्र ५६० लिटरचं. झालं. मूळ सूत्र एवढंच, पुढे फक्त सुरक्षिततेसाठी थोडी भर घालतात.

पण जुन्या इमारतीत खरी भीती वेगळीच असते. ज्या पाइपांनी आयुष्यभर दीड बार सोसला, त्यांना आता ३ बार सोसायचे आहेत. शंभर वर्षांचे बिडाचे रेडिएटर, त्यांचे सांधे, भिंतीत गाडलेले आणि कोणाच्याच नकाशावर नसलेले पाइप. उघड्या टाकीच्या मंद दाबाखाली गंजानेच बुजलेलं एखादं भोक दाब वाढताच उघडतं. त्यामुळे नवी यंत्रणा बसवण्याआधी एकेक भाग वेगळा करून, दाब पायरीपायरीने वाढवून, तासन्‌तास काट्याकडे बघत बसावं लागतं. खोलीतली चित्रं तेवढा वेळ दुसरीकडे. मी सॉफ्टवेअरवाला, माझं काम या सगळ्याच्या शेवटी सुरू होतं: यंत्राने आठवड्यात किती वेळा आणि किती लिटर पाणी आत घेतलं हे मोजायचं. नवं यंत्र म्हणजे शेवटी जुन्या फ्लोटचा शहाणा भाऊ. त्याचा हिशोब कोणी मागितला नाही तर तोही गळती तितक्याच सफाईने लपवतो. आकडा हळूहळू वाढू लागला की भिंत ओली दिसायच्या आधी माणूस पाठवता येतो.

हे बंद चक्र एकविसाव्या शतकाचं आहे असं मला वाटायचं. तसं अजिबात नाही. १८३१ साली अँजिअर मार्च पर्किन्स नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडात बंद नळ्यांच्या हीटिंगचं पेटंट घेतलं. जाड लोखंडी, अगदी बारीक नळ्या, दोन्ही टोकं जोडलेली, एक वेटोळं भट्टीत आणि बाकीच्या नळ्या घरभर. आत पाणी १०० अंशांच्या बरंच वर तापायचं, कारण प्रचंड दाबामुळे ते उकळायचंच नाही. आणि वरच्या टोकाला एक जाड नळी, तिच्यात कोंडलेली हवा. म्हणजे आपलं तेच पात्र, फक्त रबराच्या पडद्याशिवाय. सर जॉन सोन हे बँक ऑफ इंग्लंडचे नामांकित वास्तुविशारद. त्यांचं लंडनमधलं घर चित्रं, पुतळे आणि प्राचीन दगडांनी इतकं भरलेलं होतं की पुढे त्याचंच संग्रहालय झालं. घर गरम ठेवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं एकामागून एक यंत्रणा लावल्या आणि वैतागले. शेवटी पर्किन्सच्या नळ्या बसवल्या. त्यांचे शिष्य सी. जे. रिचर्डसन यांनी १८३७ मध्ये इमारती गरम ठेवण्यावर आणि हवेशीर राखण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या पद्धतीचं वर्णन आहे. एवढ्या दाबाच्या, एवढ्या तापलेल्या नळ्या लाकडी घरातून फिरवायच्या म्हणजे आगीची धास्ती आलीच, आणि तशी ती लोकांनी घेतलीही.

या अँजिअरचे वडील जेकब पर्किन्स. त्यांनी १८३४ मध्ये पेटंट घेतलं ते द्रवाची वाफ करायची, ती दाबायची, पुन्हा द्रव करायचा आणि त्यातून गारवा मिळवायचा या चक्राचं. तुमच्या घरातला फ्रिज आणि दादाच्या कोटेशनमधले दोन एसी याच चक्रावर चालतात. म्हणजे घर गरम करायची बंद नळी मुलाची आणि गार करायचं यंत्र बापाचं. आमच्याकडे माडीवर नेमका तोच बाप-लेकाचा वाद चालू आहे असं मी दादाला म्हटलं, तर तो म्हणाला, "तू कोड लिही."

आता चित्रांकडे. गॅलरी गरम ठेवतात ती माणसांसाठी, चित्रांना थंडी वाजत नाही. उलट हीटिंगनेच चित्रांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. बाहेर ० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा आत घेऊन नुसती २० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २४ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची तहान मोठी. ती तहान ती लाकडातून, कापडातून, सरसातून भागवते. लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र हिवाळ्यात आकसतं, उन्हाळ्यात फुगतं, आणि वरचा रंगाचा कडक थर तेवढा ताणत नाही. तो उकलतो, फुगे धरतो, पापुद्र्यासारखा निघतो.

हे नीट लक्षात आलं ते युद्धामुळे. १९३९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने चित्रं वेल्समध्ये हलवली, आणि १९४१ मध्ये बॉम्बच्या भीतीने ती ब्लायनाय फेस्टिनिऑग गावाजवळच्या मानोड या पाटीच्या दगडाच्या खाणीत, डोंगराच्या पोटात नेली. व्हॅन डाइकचं चार्ल्स राजाचं घोड्यावरचं चित्र साडेतीन मीटरहून उंच. ते पेटीसकट रेल्वेच्या पुलाखालून जाईना, म्हणून पुलाखालचा रस्ता खणून खाली घेतला. खाणीच्या आत विटांच्या खोल्या बांधल्या. खाणीतली हवा मुळात थंड आणि ओलसर. ती मोजून मापून तापवली आणि बारा महिने १७ अंश आणि ४२ टक्के आर्द्रता राखली. तेव्हा रंगाचे पापुद्रे सुटण्याचा नेहमीचा त्रास जवळजवळ थांबला. युद्ध संपल्यावर चित्रं लंडनच्या गरम केलेल्या दालनांत परत टांगली, आणि त्रास पुन्हा सुरू झाला. खाणीत चित्रं सुखी आणि राजवाड्यासारख्या इमारतीत आजारी! पुढे या गॅलरीचे विज्ञान सल्लागार गॅरी टॉमसन यांनी १९७८ मध्ये संग्रहालयातल्या हवेवर लिहिलेलं पुस्तक जगभरच्या संग्रहालयांनी प्रमाण मानलं.

मानोडमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे हीटिंग ऊब देण्यासाठी नव्हतंच, ओल कमी करण्यासाठी होतं. इंग्लंडातल्या काही जुन्या वाड्यांत आजही तसंच करतात: रेडिएटर तापमानाच्या नव्हे तर आर्द्रतेच्या काट्यावर चालू-बंद होतात.

आणि हे आपल्याकडे नाही असं कोण म्हणतं? पावसाळ्यात कपाटात १५ वॅटचा बल्ब लावून त्यात कॅमेरा, हार्मोनियम, जरीच्या साड्या ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील. चुलीच्या वरच्या माळ्यावर बियाणं आणि पोथ्या ठेवायची रीत होती. तेच हे. हिशोब करून बघू. जुलैत आपल्याकडे २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता अगदी सामान्य. ती हवा ३ अंशांनी, म्हणजे ३१ पर्यंत, तापवली तर आर्द्रता ७४ टक्क्यांवर येते. एक थेंब पाणी न काढता. बुरशी ७०-७५ टक्क्यांच्या वर फोफावते, त्यामुळे हा फरक अगदी मोक्याच्या जागी पडतो. आजीला हे सूत्र माहीत नव्हतं, बल्ब कुठे लावायचा ते माहीत होतं.

आता एसी. २८ अंश आणि ८८ टक्के असलेल्या हवेचा दवबिंदू जवळजवळ २६ अंश असतो. म्हणजे खोलीतली जी वस्तू २६ च्या खाली गेली तिच्यावर, बाहेरची हवा लागताच, दव धरणार. दादाचा बेत असा की पाहुणे आले की एसी २२ वर लावायचा आणि ते गेले की बंद करायचा. पाहुणे गेले, दार उघडलं, बाहेरची दमट हवा आत आली. आणि समोर २२ अंशांची भिंत, २२ अंशांची काच, २२ अंशांचं कॅनव्हास. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं पणजोबांना घाम फुटणार. दिवसातून दोनदा, महिनाभर. इंग्लंडातल्या चित्राला सहा महिन्यांत जेवढा फुगवटा-आकस सोसावा लागतो तो आपण त्याला एका दिवसात देऊ.

दुसरं, स्प्लिट एसी तापमान बघतो, ओल बघत नाही. खोली हवी तेवढी गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहतो, आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीतच उडायला लागतं. टनेज गरजेपेक्षा मोठं घेतलं तर खोली झटकन गार होते, कॉम्प्रेसर झटकन थांबतो आणि ओल तशीच राहते. दुकानदार मात्र ‘मोठाच घ्या, चवथीला माणसं असतात’ म्हणतो. माणसांचाही हिशोब आहे. नुसता बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी श्वासातून आणि घामातून हवेत सोडतो. आरतीला साठ माणसं माडीवर आली तर तासाला ३ लिटर. आरतीला कोणी नुसतं बसत नाही हे धरलंच नाही.

हवेचा दाब हा आणखी एक भाग, आणि इथे गोवा आणि इंग्लंड एकमेकांच्या उलट आहेत. आपल्यासारख्या दमट प्रदेशात संग्रहालयाच्या आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवायचा असतो, काही मोजके पास्कल, म्हणजे बारच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. कोरडी केलेली हवा फटींतून बाहेर जाईल, बाहेरची ओल आत येणार नाही. थंड देशात हाच उपाय केला तर आतली दमट हवा भिंतीत शिरते आणि थंड दगडाला लागून तिथेच पाणी होते. म्हणून परदेशातल्या कॅटलॉगमधून उचललेली यंत्रणा जशीच्या तशी इथे बसवू नये. आणि एसीच्या खोलीला नुसता एक्झॉस्ट फॅन लावला तर आतला दाब कमी होऊन तो बाहेरची जुलैची हवा कौलांतून, खिडक्यांच्या फटींतून ओढून घेणार. दादाच्या कोटेशनमध्ये तोही आहे.

मग ओल शोषणारं डीह्युमिडिफायर? माझाही पहिला विचार तोच होता, म्हणून गणित केलं. माडीवरच्या त्या खोलीत साधारण ६० घनमीटर हवा. २८ अंशांना ८८ वरून ६० टक्क्यांवर यायचं तर दर घनमीटरमधून साडेसात ग्रॅम पाणी काढायचं. खोली घट्ट बंद असती तर अर्ध्या लिटरवर काम भागलं असतं. पण वर मंगळुरी कौलं, भिंती चिऱ्याच्या, खिडक्या पिढीजात. अशा खोलीतली हवा तासाला दोनदा बदलते असं धरलं तरी दिवसाला २० लिटरच्या वर पाणी काढत राहावं लागेल. भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्यासारखं. आणि या भिंतींनी श्वास घेणं हे मुळात त्यांचं कामच आहे. चिऱ्याची भिंत आणि चुन्याचा गिलावा पाऊस पितात आणि ऊन पडलं की सोडतात. त्यावर सिमेंट आणि ऑइल पेंट चढवला की पाणी आतच अडकतं आणि पोपडे धरतात. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, ते पुन्हा दुरुस्त होऊन २०२३ च्या फेब्रुवारीत खुलं झालं. तिथे गेलात तर गाभाऱ्याकडे जाण्याआधी क्षणभर भिंतींकडेही बघा.

आपल्या हवेला ओळखून केलेली कला वेगळीच असते, हेही यातून माझ्या लक्षात आलं. कोकण-गोव्यातल्या देवळांवरची कावी म्हणजे लाल कावेचा थर आणि पांढरा चुना यांतून कोरून काढलेली चित्रं. भिंतच चित्र, चित्रच भिंत, उकलायला वेगळा थर नाही. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासू यांनी १९३५ मध्ये केलेली निळ्या फरशांची चित्रं आहेत. भाजलेल्या चकचकीत फरशीला जुलैची हवा फारसं काही करू शकत नाही. कॅनव्हासवरचं तैलचित्र मात्र परक्या हवेतून आलेला पाहुणा आहे. रवि वर्मांचा छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या घराघरांत पोचल्या त्या कागदावर, आणि कागदावर पडणारे तपकिरी ठिपके तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत.

आमच्या माडीसाठी मी दादापुढे ठेवलेला प्रस्ताव यंत्रांचा नाहीच. सगळी खोली सुधारायला जायचं नाही. जे मौल्यवान आहे तेवढ्याभोवतीच हवा राखायची. पणजोबांचं चित्र नैऋत्येच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर लावायचं. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि चित्र यांत बोटभर फट राहील आणि हवा खेळेल. मागच्या बाजूला पाठ बंद करायची. कागदी तसबिरी आणि फोटो यांना घट्ट काचेच्या पेट्या, आत सिलिका जेल, आणि ते रंग बदललं की तापवून पुन्हा वापरायचं. खोलीला तक्तपोशी, दोन पंखे, आणि आर्द्रतेचा काटा, जो काहीशे रुपयांना मिळतो. चित्रकलेच्या जगातही आता नियम सैल झालेत. मोठ्या संग्रहालयांनी मिळून मान्य केलेल्या हरित आचारसंहितेत बहुतेक वस्तूंना ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश एवढा मोठा पट्टा दिलाय. अट एवढीच की बदल सावकाश हवा. आपण त्या पट्ट्यात जुलैत बसणार नाही, पण सावकाश राहणं आपल्या हातात आहे. आणि चित्राचा रंग सुटायलाच लागला असेल तर स्वतः काही लावू नका, व्हार्निश तर नकोच. जाणत्या संवर्धकाकडे न्या.

काकी म्हणतात, "एसी नको तर नको, पण चवथीला माडीवर जेवायला कोण बसेल?" हा आक्षेप बिनतोड आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पंगत खाली राजांगणात घ्यावी असं सुचवलंय.

आता राहिले बॉयलरवाले. परदेशातल्या घरात बॉयलरच्या काट्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वर दिलेल्या गॅलरीच्या गोष्टीतच आहेत, फक्त लहान प्रमाणात. घर थंड असताना काटा १ ते दीड बारच्या मध्ये हवा. गरम झाल्यावर तो थोडा चढणार, २ पर्यंत गेला तरी घाबरू नका, पाणी फुगलंय. सेफ्टी व्हॉल्व्ह बहुधा ३ बारला उघडतो. रेडिएटरमधली हवा काढली की दाब उतरतो, मग भरायच्या नळीने पुन्हा पाणी घ्यायचं आणि नळीचे दोन्ही कॉक आठवणीने बंद करायचे. काटा गरम झाल्यावर ३ च्या जवळ उडी मारत असेल आणि थंड झाल्यावर शून्याकडे पडत असेल, तर बहुधा पात्रातली हवा गेली आहे किंवा पडदा फाटला आहे. आणि काटा दर पंधरवड्याला खाली येत असेल तर पुन्हा पुन्हा पाणी भरत बसू नका. ते पाणी कुठेतरी जातंय. प्रत्येक वेळी तारीख आणि काटा कुठे होता ते फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तो कागद दाखवलात तर त्याचा अर्धा तास आणि तुमचे त्या अर्ध्या तासाचे पैसे वाचतील.